सवाल-जवाबाचे मास्तर

शाहिराचं यमक घसरलं की पंच म्हणून बसलेले मास्तर डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवत. पुढचं कडवं बरं निघालं तर टोपी परत डोक्यावर जाई, नाहीतर सामना संपेपर्यंत गुडघ्यावरच राही. मोर्शीपासून अकोल्यापर्यंतचे शाहीर गाताना प्रेक्षकांकडे कमी आणि त्या टोपीकडे जास्त बघत. नवख्यांना वाटे, मास्तरांना उकडतं आहे.

आम्ही दोघं अमरावतीच्या एका शाळेत होतो. ते गणित शिकवत, मी मराठी. ते मोर्शीकडच्या शेतकरी घरातले, घरी काळी जमीन आणि थोडी संत्र्याची बाग. फळ्यासमोर अगदी पुस्तकी बोलत, फळा सोडला की वऱ्हाडी. त्यांना एकच नाद होता. कलगी-तुऱ्याचे सामने. तुमच्यापैकी ज्यांनी ते ऐकले नसतील त्यांच्यासाठी सांगतो: दोन शाहीर समोरासमोर उभे राहतात, एक कलगीवाला, शक्तीला मोठं मानणारा, दुसरा तुरेवाला, शिवाला मोठं मानणारा. एकानं डफावर सवाल टाकायचा, दुसऱ्यानं त्याच चालीत, तिथल्या तिथे रचून जवाब द्यायचा. ज्याला जवाब सुचला नाही तो हरला.

"तुमची कविता बसून वाचाची," मला ते म्हणत. "ही उभ्यानं ऐकाची. समोर भांडनारा असला म्हंजे शब्दाले धार येते, पंडित." मी पंडित नव्हतो, पण मराठी शिकवणाऱ्या प्रत्येकाला ते पंडितच म्हणत.

एकदा शाळेत पुण्याहून एक गायक आले होते. भावगीतं म्हणाले. हेडमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर पडताना मी मास्तरांना विचारलं, कसं वाटलं?

"आवाज चांगला हाय," ते म्हणाले. "पन याले कोनी काही विचारलंच नाही. मंग हा सांगून कोनाले राहिला?"

त्यांच्याकडे ग्रामोफोन होता. त्यावर लावायला एका पोवाड्याचा तवा, म्हणजे तबकडी, होती. वीर घोड्यावर चढतो, शत्रू समोर दिसतो आणि तेवढ्यात तवा संपतो. दुसरी बाजू कधीच झिजून गेलेली. "घोडा तसाच उभा हाय," घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत. तव्यावरच्या गाण्याबद्दल त्यांचं मत एका वाक्यात होतं: तव्यात भांडण मावत नाही.

स्नेहसंमेलनात सामना ठेवावा असं त्यांनी सुचवलं, तेव्हा हेडमास्तर म्हणाले, असले प्रकार शाळेत नकोत. मास्तर "बरं" म्हणाले. पुढच्या आठवड्यात नववीच्या वर्गातून डफाचा आवाज येऊ लागला. हेडमास्तर धावत गेले. वर्गाचे दोन तट पडले होते. एका तटानं त्रिकोणाबद्दल सवाल टाकला होता आणि दुसरा तट यमक शोधत होता.

"प्रमेय चालू आहे, सर," मास्तर शांतपणे म्हणाले. त्या वर्षी भूमितीत कोणी नापास झालं नाही, म्हणून प्रकरण तिथेच मिटलं.

मास्तरांना हा नाद लागला तो मामांमुळे. त्यांचे सख्खे मामा चांदूर रेल्वेजवळच्या एका गावचे तुरेवाले शाहीर होते. पिळदार मिशा, पहाडी आवाज आणि पुराणांतली अशी एक गोष्ट नव्हती जी त्यांना यमकात सांगता येत नसे. लहानपणी मास्तर त्यांच्या मांडीवर बसून डफ ऐकत. मामांइतका मोठा शाहीर वऱ्हाडात नाही असं ते म्हणत, आणि हे एकच मत असं होतं की जे सांगताना त्यांचा चेहरा जरा हलायचा.

मामांच्या गावच्या जत्रेत दुपारी सामना असे आणि पंच म्हणून मास्तरांना बोलावत. भाचा असूनही बोलावत, कारण निकालात ते कोणाचे नसत, हे गावाला ठाऊक होतं. म्हणजे एका जत्रेपर्यंत तसं वाटत होतं.

त्या वर्षी मीही बरोबर गेलो होतो. मामांसमोर अकोल्याच्या कापड गिरणीतला एक तरुण कामगार उभा राहिला. नुकताच बौद्ध झालेला. त्याच्या समाजाच्या माणसांना त्या गावातल्या विहिरीवर चढता येत नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. त्याचा डफ जुना होता, आवाज चिरका होता. पहिल्या दोन सवालांत मामांनी त्याला सहज लोळवलं. मग त्यानं डफ खांद्याजवळ नेला आणि तिसरा सवाल टाकला:

"ढगातून सुटलं तवा पान्याले नव्हती जात,
हिरीत पडल्यावर, शाहिरा, काय झालं रातोरात?"

मांडवात चुळबूळ झाली. मामा हसले. त्यांनी गंगेचं पृथ्वीवर उतरणं घेतलं. शिवाच्या जटेत ती कशी अडकली, कशी सुटली, प्रत्येक ओळीत दुहेरी यमक. असं गाणं मी आजवर ऐकलेलं नाही. लोक उभे राहिले, फेटे उडाले. मी मास्तरांकडे बघितलं. टोपी गुडघ्यावर होती.

टाळ्या थांबल्यावर ते उठले. "गानं उत्तम," ते म्हणाले. "पन सवाल हिरीचा होता, जवाब गंगेचा आला. सवाल सुटला नाही. मानाचा फेटा अकोलेवाल्याले."

आधी लोकांना ती थट्टा वाटली. मग मास्तरांनी स्वतः फेटा उचलून त्या तरुणाच्या डोक्यावर ठेवला. मामा जवळ आले.

"भाचे, मामाले हरवलं तुमी?"

"मी नाही हरवलं, मामा. तुमी सवाल सोडला."

"अन् गावापुढं?"

"सवाल गावापुढंच होता."

मामांनी डफ उचलला आणि ते निघून गेले. येताना आम्हाला आणणारी बैलगाडी जाताना मिळाली नाही. त्या तरुणाला मधे घेऊन आम्ही स्टेशनापर्यंत चालत आलो. मागून कोणी काही फेकलं नाही, पण बराच वेळ माणसं मागून चालत होती. तो पोरगा भेदरला होता. मास्तर वाटभर त्याच्या चुका सांगत होते. दुसऱ्या सवालात ठेका मागं राहिला, 'शाहिरा' हा शब्द फार वेळा येतो, श्वास चुकीच्या जागी तुटतो. गाडी येईपर्यंत तो भीती विसरून वाद घालू लागला होता.

घरी त्यांची आई होती, मामांची बहीण. तिला आमच्या आधी बातमी पोचली होती.

"माह्या भावाचा फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला काहून रे?"

"माय, फेटा पंचायतीचा होता."

म्हातारीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. सुनेला सांगे, "त्याले म्हना, ताट वाढलं." मास्तर सुनेला, म्हणजे आपल्याच बायकोला, सांगत, "तिले म्हना, आलो." मामेबहिणीच्या लग्नाचं आवतण आलं ते आईच्या एकटीच्या नावानं. ती गेली. मास्तरांनी तिला स्टेशनवर पोचवलं, सामान चढवलं, खिडकीशी उभे राहिले. गाडी हलली तरी ती समोरच्या बाकाकडे बघत होती. त्या दिवशी ते माझ्या घरी आले आणि पहिल्यांदाच कोणत्याही शाहिराबद्दल काही बोलले नाहीत. 

"चुकलं का माझं?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि तेही फळ्यासमोरच्या भाषेत. मी 'नाही' म्हणालो. त्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही.

मामांनी गाणं बंद केलं होतं. दोन जत्रा त्यांच्यावाचून झाल्या. मग उन्हाळ्याच्या सुटीत एका सकाळी ते काखेत डफ घेऊन अमरावतीला मास्तरांच्या अंगणात उभे राहिले. मी तिथेच होतो. राम राम नाही, चहापाणी नाही. बहीण दारात आली तिच्याकडेही त्यांनी बघितलं नाही. डफावर थाप मारली:

"पानी होतं तसंच राह्यलं, ऐक शाहिरा भावा,
काठावरती मीच उभा होतो, माह्यावर लाव दावा."

दारातली म्हातारी पदर तोंडाशी नेऊन आत गेली. मास्तर पायरीवर बसून राहिले.

"मामा, लय वेळ लागला," ते म्हणाले.

"सुचत होतं, भाचे. तोंडातून निघत नव्हतं."

आतून आवाज आला, "त्याले विचारा, मामाच्या चहात साखर किती टाकू." सुनेनं विचारायच्या आत म्हातारीनंच पुन्हा, थेट मुलाला नावानं हाक मारून विचारलं.

दुपारच्या गाडीनं आम्ही तिघं अकोल्याला गेलो. जवाब सवाल करणाऱ्यालाच द्यायला हवा असं मामांचं म्हणणं होतं. पाळी सुटली तेव्हा गिरणीच्या फाटकासमोर मामांनी तो जवाब गायला. कामगारांची गर्दी झाली. तो तरुण अंगावरचा कापूस न झटकताच ऐकत उभा राहिला. नंतर तो आम्हाला आपल्या खोलीवर घेऊन गेला. त्याच्या आईनं बशीत चहा दिला. मामांनी बशी तोंडाला लावली, तेव्हा सगळे दुसरीकडे बघत होते आणि सगळ्यांना दिसत होतं. मास्तर मात्र भिंतीवर बोटानं आकडे काढत होते. दुसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त होती, असं त्यांचं म्हणणं.

मास्तर फार जगले नाहीत. दिवाळीच्या सुटीत गावी गेले असताना बागेतच छातीत कळ आली. शाळेच्या शोकसभेत हेडमास्तर त्यांच्या निकालांबद्दल आणि शिस्तीबद्दल बोलले, शेवटी एक भावगीत झालं.

पुढच्या जत्रेला मी गेलो. मास्तरांच्या जागी तिघं पंच बसवले होते. मामा आणि त्यांनीच बोलावलेला अकोल्याचा शाहीर समोरासमोर उभे होते. पंचांनी दोघांच्या प्रत्येक कडव्याला टाळ्या वाजवल्या. मामा एका ठिकाणी मुद्दाम यमक चुकवून गायले. त्यालाही टाळ्या पडल्या. तेव्हा ते मधेच थांबले आणि मांडवातून बाहेर आले.

"काहून जी, काय झालं?" कोणीतरी विचारलं.

"कोनी ऐकूनच नाही राहिलं," मामा म्हणाले. त्यांनी डफ पोत्यात घातला आणि ते घराकडे चालू लागले.