गरीब पंच

पावभाजीने माखलेला हात अण्णांनी माझ्या ॲप्रनला पुसला. भरल्या हॉटेलात, गिऱ्हाइकांसमोर. म्हणाले, "श्रीमंत माणसाचं कापड मऊ असतं."

सगळे हसले. मीही हसलो. त्या माझ्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

श्रीमंत मी कागदावर होतो. हडपसरला अण्णांच्या हॉटेलात मी अकरा वर्षं वेटर. मुलीची कॉलेजची फी माफ व्हावी म्हणून उत्पन्नाचा दाखला हवा होता. त्यासाठी पगाराचा कागद मागितला. त्यात पगाराखाली आणखी एक ओळ : टिप. गिऱ्हाईक मोबाइलवरून टिप देतं, ती हॉटेलच्या खात्यात जाते. आम्हाला दिवाळीला सोनपापडीचा पुडा. कागदावर मात्र सगळी आम्हाला वाटलेली. खर्च दाखवला की हॉटेलचा कर वाचतो. माझं उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं आणि मुलीचा अर्ज परत आला. तिने विचारलं, "पप्पा, एवढे पैसे तुम्ही ठेवता कुठं?" ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती.

टिपेची ती ओळ काढा म्हणून अण्णांना सांगायला गेलो, तेव्हा त्यांनी तो हात पुसला. मंगळवारी. शुक्रवारी अण्णांनी आत बोलावलं. टेबलावर तलाठ्याकडे द्यायचा पंचनामा. त्यांच्या पोरालाही तीच सवलत हवी होती. हॉटेल मेहुण्याच्या नावावर, गाळ्यांचं भाडं आईच्या. पंचनाम्यात अण्णांचं उत्पन्न काय, तर दीड एकर जिरायत. त्या जिरायतीवर आता सात मजली सोसायटी उभी आहे.

"सही कर," अण्णा म्हणाले. "तुझ्यासारखा गरीब पंच मला कुठं गावायचा?"

मंगळवारी श्रीमंत, शुक्रवारी गरीब. यांच्या सोयीने.

मी पेन घेतलं. छापील मजकुरावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं : शेत नाही, तिथे इमारत आहे. हॉटेल यांचंच आहे. टिप आम्हाला मिळत नाही. पूर्ण नावाची सही केली, मोबाइलवर फोटो काढला.

"येड लागलंय का तुला? उद्यापासून येऊ नको."

मी ॲप्रन सोडून त्यांच्या टेबलावर ठेवला. "धुतला नाही. डाग तुमचाच आहे."

सोमवारी तहसीलला जातोय. तक्रार मुलगी लिहितेय, तिचं अक्षर चांगलं आहे. तिची फी माफ होईल का, माहीत नाही. त्यांच्या पोराची होऊ देणार नाही. अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो. ते दरवर्षी करतील. मी दरवर्षी पंच म्हणून जाईन.