लादीचा आवाज

गारमावशीच्या हातची लादी खाल्ली नाही, असं मूल त्या चार मजली इमारतीत शोधून सापडलं नसतं. लादी म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. फडक्यात टांगून पाणी काढलेलं दही, त्यात मध, वर केळ्याच्या चकत्या, अर्धी कापलेली द्राक्षं आणि असल्या तर स्ट्रॉबेऱ्या. ट्रेमध्ये कागद घालायचा, दही बोटभर जाड पसरायचं, फळं दाबून बसवायची आणि ट्रे फ्रीजरमध्ये सरळ ठेवायचा. तिरका राहिला की एका बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला नुसता पापुद्रा. लादी टणक झाली की ओट्यावर ठेवून लाटण्याने ठोकायची. धप्, धप्, धप्. तुकडे वेडेवाकडे पडायचे आणि सगळ्यात मोठ्या तुकड्यावरून मुलं एकमेकांच्या झिंज्या उपटायची.

भिंती अशा, की शेजारी शिंकला तर इकडच्याने रुमाल शोधावा. त्यामुळे धप् झालं की जिन्यात वाट्या खणखणायच्या आणि मुलं तिसऱ्या मजल्यावर मावशीच्या दारात हजर. वेगळं बोलावणं लागत नसे.

आता मावशीच्या नवऱ्याचं सांगायला हवं. जीभ उचलत नाही, पण सांगायलाच हवं. तो बस डेपोत टायर बसवायचा. बाहेर अगदी गरीब गाय. साहेब ओरडला तरी मान खाली. घरात पाऊल टाकलं की तीच मान ताठ. भाजीत मीठ कमी, टॉवेल ओला, दार उघडायला उशीर. कारण कुठलंही चालायचं आणि नसलं तरी अडायचं नाही. आधी हाताने मारायचा. मग स्वतःच्या हाताला लागतं म्हणून त्याने लाटणं घेतलं.

पहिल्यांदा लाटणं पाठीत बसलं तो बुधवार होता. ती ओट्यावर आपटली, दात ओठात रुतले. दुसरा तडाखा खांद्यावर आला, तिसरा बरगडीवर, आणि दारावरची घंटा वाजली. बाहेर वाट्या घेऊन नऊ मुलं उभी. आवाज ऐकून आली होती बिचारी.

नवरा जागच्या जागी थिजला. तिने तोंडातलं रक्त गिळलं, दार उघडलं आणि हसली. "अरे, लादी अजून नीट जमली नाही. उद्या या हं."

दुसऱ्या दिवशी तिने खरंच दिली. तेव्हापासून फ्रीजरमध्ये एक लादी कायम तयार राहू लागली. मार संपला की ती तोंड धुवायची, गार ट्रे घटकाभर पाठीला लावायची, मग लादीवर चार ठोके घालून तुकडे वाटायची. डोक्यावर बर्फ आणि जिभेवर साखर ठेवावी, असं शहाणे लोक सांगतात. हिला बर्फ पाठीवर ठेवावा लागला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर खाऊही हिनेच वाटायचा!

भिंतीपलीकडच्या शिंपीणकाकू शिलाई मशीन थांबवून ओरडायच्या, "किती गं फोडतेस! हात दुखत नाही का?"

"सवय झाली, काकू," ही म्हणायची.

मुलं तर आठवड्यातून चारदा लादी मिळते म्हणून खूश. नवऱ्यालाही ही सोय आवडली. "काय, आज लादी फोडायची का?" असं तो हसत विचारायचा आणि तिच्या हातातलं भांडं सुटून खाली पडायचं.

हे असंच चाललं असतं. पण त्यांना नऊ वर्षांची मुलगी होती.

एका रविवारी दुपारी गारमावशी खाली दही आणायला गेली होती. मुलीने टीव्हीचा आवाज कमी केला नाही, एवढंच निमित्त झालं. मावशी जिना चढून वर आली तेव्हा दारासमोर मुलांची रांग होती आणि दारात मुलगी उभी होती. ओठ फाटलेला, एक हात पाठीमागे लपवलेला. आणि ती हसत होती.

"लादी अजून नीट जमली नाही," ती मुलांना सांगत होती. "उद्या या हं."

तो 'हं' हुबेहूब आईचा होता. गारमावशीला उमगलं. मार खायला आपण शिकवलं नसेल, पण तो झाकायला आपणच शिकवलं. ही उद्या स्वतःच्या घराच्या दारात अशीच हसत उभी राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या मुठीत पोरीचा मोडका हात होता.

दवाखान्यात प्लास्टर घालताना नवरा शेजारी उभा राहिला. "जिन्यावरून पडली," तो डॉक्टरांना म्हणाला.

सोमवारी तिने आइसफ्रूटचे साचे आणले. दही तेच, मध तोच, फळं मात्र बारीक चिरायची, साच्यात भरायची, काडी खोचायची. गोठल्यावर साचा क्षणभर पाण्यात बुडवला की कांडी अलगद सुटते. ठोकायचं कामच नाही. मंगळवारी नवरा डेपोत असताना ती चारही मजले फिरली आणि दारोदारी मुलांच्या हातात कांड्या दिल्या.

"लादी बंद झाली," ती प्रत्येक दारात म्हणाली. "आता माझ्या घरात काही फोडत नाही. आवाज आला तर तो खाऊचा नाही. ध्यानात ठेवा."

शिंपीणकाकूंनी कांडी घेतली आणि तशीच धरून राहिल्या. दही वितळून मनगटावरून ओघळलं.

"पण रविवारी तू खाली भेटलीस मला, दही घेताना," त्या सावकाश म्हणाल्या. "मी वर आले तर तुझ्या घरात आवाज चालू. मग फोडत कोण होतं?"

काकूंची नजर गारमावशीच्या मानेवरच्या काळ्यानिळ्या डागावर गेली आणि तिथेच अडकली.

"भिंतीला कान असतात म्हणे," काकू म्हणाल्या. "माझ्या मेलीच्या कानालाच भिंत होती." आणि त्या रडू लागल्या.

गुरुवारी संध्याकाळी डेपोत कोणीतरी नवऱ्याला झापलं होतं. बूट काढता काढताच त्याने विचारलं, "काय, आज लादी फोडायची का?" पहिला तडाखा कोपरावर बसला, हाड वाजलं. दुसरा तिने कपाळावर घेतला, कारण मागे मुलगी होती. रक्त डोळ्यांत उतरलं. ती ओट्याला धरून उभी राहिली. तिसरा. चौथा. ती ओरडली नाही, भिंतीकडे कान लावून होती. पाचव्या तडाख्याला पलीकडचं शिलाई मशीन थांबलं.

मग दारावर मुठी पडल्या. एक नाही, कितीतरी.

नवऱ्याने शर्ट नीट केला, लाटणं मांडीआड धरलं आणि दार उघडलं. जिना भरला होता. मुलांच्या हातात वाट्या नव्हत्या. पुढे शिंपीणकाकू, आणि त्यांच्या मागे तळमजल्यावरचा कुलूपवाला, फोन कानाला लावून.

"काही नाही हो," नवरा हसून म्हणाला. "लादी फोडतोय."

या चार दिवसांत एकदा फ्रीजर उघडून पाहिला असता, तर हे त्याच्या तोंडून निघालं नसतं.

"लादी तर बंद झाली, काका," दात पडलेली एक चिमुरडी म्हणाली.

तो गडबडला. लेकीकडे वळून म्हणाला, "सांग गं यांना, कसला आवाज होता ते."

मुलगी पुढे आली. मुलगी हसत नव्हती आणि प्लास्टरातला हात तिने पाठीमागे नेला नाही.

"बाबा आईला फोडून काढत होते," ती म्हणाली. "रविवारी मलाही."

त्याने लाटणं उगारलं. काकूंनी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं, कुलूपवाल्याने मान धरली, आणि त्याला भिंतीवर असं आपटलं की चौकटीचा गिलावा खाली आला. लाटणं हातातून सुटलं आणि पायरी पायरी आपटत तीन मजले खाली गेलं. तो आवाज सगळ्या इमारतीने ऐकला. एकही मूल वाटी आणायला घरी गेलं नाही.