मी पेटवलेला राब

वीस वर्षांची होईपर्यंत घरात मी फक्त तोंड चालवत असे. हात चालवायची वेळ आली ती आईची कंबर धरली तेव्हा. बाबा मुंबईला नोकरीला. त्यांनी फोनवर सांगून टाकलं, "यंदा शेती नको. पडीक राहू दे." मी भडकले. रत्नागिरीपासून तासाभरावरचं आमचं गाव, आणि तिथल्या निम्म्या जमिनी अशाच 'यंदा नको' म्हणत कायमच्या पडीक पडलेल्या. म्हटलं, "मी करते." बाबा हसले. मग म्हणाले, "कर. पण एक जरी भानगड कानावर आली, तरी संपलं. पुन्हा शेतीचं नाव काढायचं नाही."

आमची शेती सुरू होते पावसाच्या आधी. भाताचं रोप जिथे करायचं, त्या तुकड्यावर शेण, पातेरा म्हणजे वाळका पाला, वाळक्या फांद्या पसरून सगळं भाजायचं. त्याला आम्ही राब म्हणतो. आईने बिछान्यातून बजावलं होतं, सकाळी वारा सुटायच्या आत पेटव, आणि शेजारच्या काकीला सोबत घे. पण मी कसली ऐकतेय. कॉलेजचा शेवटचा पेपर देऊन दुपारच्या एसटीने उतरले, ती तशीच शेतात. काकीला कशाला विचारायचं, माझं मला येतं. ओढली काडी.

दुपारी समुद्राकडून वारा उठतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आग हद्दीच्या दगडी गडग्यावरून उडाली ती काकीच्या गवतात. गवतापलीकडे तिची काजूची कलमं होती, दोन उन्हाळे डोक्यावरून हंडे वाहून जगवलेली. मी हिरवे ढाळे तोडून आग झोडत सुटले. विझली शेवटी, पण सात कलमं गेली.

कोणी पाहिलं नव्हतं. कुठूनतरी वणवा आला म्हटलं असतं तर खपून गेलं असतं, त्या दिवसांत रोज कुठे ना कुठे लागतोच. खरं सांगते, ते वाक्य मी मनात दोनदा म्हणूनही बघितलं. मग गडग्यावर बसून रडले, आणि काजळीने माखलेल्या कपड्यांनिशी काकीच्या पडवीत जाऊन सगळं सांगितलं.

काकी उठली. एकेका कलमाच्या खोडाला नख लावून आत हिरवं आहे का बघून आली. मग मला जे काही बोलली ते लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं काही खोटंही नव्हतं. बोलून झाल्यावर माझ्या भाजलेल्या हाताला खोबरेल लावलं नि म्हणाली, "आता बापाला फोन लाव."

बाबांनी ऐकून घेतलं. "झालं ना समाधान? आता बस कर," एवढंच म्हणाले. काकीने फोन ओढून घेतला.

"ऐक रे, कलमं माझी जळली, तुझी नाय. पोरीने केलंन ते चुकीचं केलंन. पण कोणी बघितलं नव्हतं, तरी आपणहून येऊन सांगितलंन. पावसात ती मला सात कलमं लावून देईल आणि तुझी शेतीपण करील. तू गप ऱ्हा."

आज नोकरी सांभाळून सगळी शेती मी करते. काकी अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, हिने माझी कलमं जाळलीन. सांगू दे. त्या बाईचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत.

त्या दिवशी काकीने फोन परत माझ्या हातात दिला. मग बाबांनी विचारलं, "बियाणं कुठलं पेरतेस?"

तोवर त्यांनी मला नेहमी सांगितलं होतं. विचारलं कधीच नव्हतं.