लाईनमन तात्यांची मिनिटं

नऊ जून, रविवार, सकाळी साडेनऊ. ठरलेली मजुरी एक कप चहा. हजर : मी, माझी आई, लाईनमन तात्या आणि भिंतीपलीकडे दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या पाटीलवहिनी. हजर माणसांत मी त्या दिवशी पाटीलवहिनींना धरलं नव्हतं. आता लिहायला बसलोय तर धरायला हवं.

तात्या कुणाच्याही घरी गेले तर आधी तब्येत विचारत नसत, पाऊसपाण्याचं बोलत नसत. पायरीवर चप्पल काढता काढताच त्यांचा प्रश्न यायचा : "तुमच्याकडं माणूस किती मिनटांत येतंय?" नवखा माणूस गोंधळायचा. कसला माणूस? कशाला? तात्या शांतपणे सांगत, "तुमी न्हाणीत पडलासा, कडी आतनं हाय. किती मिनटांत?" मग ते समोरच्याचा मोबाईल मागून घेत आणि संकटाच्या वेळी कुणाला फोन जावा, कुणाला निरोप जावा, कुलूप न उघडताही पडद्यावर रक्तगट आणि औषधं कशी दिसावीत, हे सगळं बसवून देत. टेलिफोन खात्यात लाईनमन म्हणून ते निवृत्त झाले होते. कोल्हापुरात फुलेवाडीच्या अंगाला असलेल्या आमच्या कॉलनीत असा एकही म्हातारा माणूस नव्हता, ज्याचा मोबाईल त्यांच्या हाताखालून गेला नाही.

त्यांच्याजवळ एक लांबट वही असायची. तिच्यात प्रत्येक घरापुढे नावं नव्हती, मिनिटं होती. मुलगा पुणे, तीनशे. सून, चाळीस. शेजारीण, दोन. आकडे मोबाईलमध्ये चढवताना ते हा क्रम उलटा करत. बहुतेक आयांना पहिला नंबर मुलाचाच हवा असे. तात्या ऐकत नसत. "पुण्याचं पोरगं रडाय चांगलं, धावाय न्हाई. तेला चौथा घाला," असं ते त्या आईच्या तोंडावर सांगत. काही आया रागवत. एकीने तर त्यांना अर्ध्या कामावरून उठवलं होतं. आठ दिवसांनी तिनेच परत बोलावलं आणि शेजारणीचा नंबर वर घेतला.

दुसरी सवय खात्यातली. लाईन जोडल्यावर एक्स्चेंजला फोन लावून बघितल्याशिवाय खांबावरून उतरायचं नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम होता. तो त्यांनी इथेही चालवला. नंबर घातला की तिथल्या तिथे लावायचा. "जयभीम. तात्या बोलतोय, लाईनमन. ह्या मावशींनी तुमचं नाव घातलंय. अडीनडीला फोन आला तर येणार काय? किती मिनटांत?" समोरच्याने नुसतं 'हो हो' केलं तर ते पुन्हा विचारत. हो म्हणायला उशीर झाला, तर नंबर खोडत. न विचारता कुणाचं नाव घालणं म्हणजे त्याच्या दारात न सांगता ओझं टाकणं, असं त्यांचं मत होतं.

स्वतःचा नंबर मात्र ते कुणालाही घालू देत नसत. "मी दुरुस्तीचा माणूस. मला घातलं तर शेजारी कशाला हैत?"

मजुरीचाही नियम होता. पैसे नाहीत. फक्त चहा, पण ज्याच्या घरी मोबाईल बसवला त्याच्या घरी नाही. ज्याचा नंबर पहिला घातला, त्याच्या घरी. आणि मोबाईलवाल्याने सोबत यायचं, बसून प्यायचा. आईच्या भाषेत सांगायचं तर तात्या चहाच्या निमित्ताने लोकांना एकमेकांच्या घरात ढकलत.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. राधानगरीकडे नोकरीला असताना पावसात ते खांबावरून घसरले. मांडीचं हाड मोडलं. चार तास बारा मिनिटं चिखलात पडून होते. हातातलं घड्याळ चालू होतं, म्हणून आकडा पक्का. "पन्नास पावलांवर घर हुतं, भाऊसाहेब. धूर दिसत हुता. पर तेंचं नाव मला ठावं न्हवतं, माझं तेंना. पावसात नुसतं 'ओ' कोण ऐकतंय?" गारगोटीच्या एका शाळेत मी कारकून आहे, त्यामुळे ते मला भाऊसाहेब म्हणत.

सगळेच त्यांच्यावर खूश होते असं नाही. आमचा दूधवाला सदा एकदा तणतणत आला. बाजूचं बटण पाचदा दाबलं की ११२ला फोन जातो, अशी सोय त्याच्या मोबाईलवर होती. सदा मोबाईल छातीच्या खिशात ठेवायचा आणि म्हशीच्या कुशीला रेलून धार काढायचा. म्हैस हलली की बटण दाबलं जायचं. पोलिसांची गाडी थेट गोठ्यापुढे. "काय झालंय?" असं साहेबांनी विचारल्यावर हा म्हणाला, "धार काढतोय की, सायेब!" आता ते बंदच करून टाका, असा त्याचा हट्ट. तात्यांनी बंद केलं नाही. पाचदा दाबल्यावर पडद्यावर थोडा वेळ बोट धरून ठेवलं तरच फोन जाईल, असं बसवून दिलं. "म्हशीला बोट न्हाय. आता जा," म्हणाले.

तर तो नऊ जूनचा रविवार. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची, साखरेच्या गोळ्या चालू. मी सकाळी आठला गारगोटीची एसटी धरतो. बायको शहरात एका पतसंस्थेत आहे. सव्वानऊ ते सहा आई घरात एकटी. माझा जुना मोबाईल मी तिला दिला होता आणि त्यात तीन नंबर स्वतःच घालून ठेवले होते : माझा, बायकोचा आणि माझ्या शाळेचा. काम चोख केलं, अशी माझी समजूत होती. तात्यांनी चष्मा लावून ते वाचले.

"तुमी किती मिनटांत?"

"पंच्याऐंशी. एसटी लगेच मिळाली तर."

"वैनी?"

"पंचवीस. पण ऑफिसात मोबाईल ड्रॉवरमध्ये ठेवायचा नियम आहे."

"आन शाळा?"

तात्या आईकडे वळले. "आक्का, पंच्याऐंशी मिनटं दम धरायचा म्हंत्यात तुमचं चिरंजीव."

मग त्यांनी भिंतीकडे नुसतं बघितलं. पलीकडे चिमटे लावल्याचा आवाज येत होता.

पाटलांशी आमचं चार वर्षं बोलणं नव्हतं. मधली भिंत पाटलांनी नव्याने बांधली, तेव्हा मी टेप लावून मोजली होती. बावीस फूट लांबीला नऊ इंच आमच्या बाजूला. साडेसोळा चौरस फूट. मी महापालिकेत अर्ज दिला. तो अजून तिथेच आहे. दोन्ही घरांतलं जाणंयेणं मात्र त्याच आठवड्यात थांबलं आणि मी त्यांचा नंबर मोबाईलमधून काढून टाकला. पाटील वारल्यावर भेटायला आई एकटी गेली होती.

"तिथं नको," मी म्हणालो.

"फोन आक्कांचा हाय. आक्का, बोला."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे, तात्या."

तात्यांनी तिला बटण पाचदा दाबायला शिकवलं. औषधांची नावं घातली. वहीत आमच्या घरापुढे पंच्याऐंशी लिहिलं आणि उठले. चहा प्यायला जायला घर नव्हतं, म्हणून ते चहा न पिता गेले. पुढे रस्त्यात भेटले की सायकलवरून न उतरता विचारत, "पंच्याऐंशीच काय?" मी हसून मान हलवायचो. त्यांनी वाद कधी घातला नाही.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी आईने नेहमीप्रमाणे गोळी घेतली आणि उपवास म्हणून जेवण केलं नाही. गोळी हे औषध आहे, ते उपवासाला चालतं, असा तिचा विचार. दुपारी बारा चाळीसला शाळेत माझ्या मोबाईलवर निरोप आला : आईला मदत हवी आहे, सोबत घराचा नकाशा. मी आईला फोन लावला. वाजत राहिला. बायकोला लावला, तोही वाजत राहिला. मग बोट पाटलांचं नाव शोधायला लागलं आणि ते नाव माझ्या मोबाईलमध्ये नव्हतं. शेवटी तात्यांना लावला. "निघालो," एवढंच म्हणून त्यांनी ठेवला.

त्यांच्या घरापासून आमचं घर सायकलने सात मिनिटं. तात्या आले तर पुढच्या दाराला आतून कडी. मागचं दार उघडं, पण मागच्या अंगणात जायला भिंतीखेरीज वाट नाही. तात्यांचा पाय जुना मोडलेला. त्यांनी पाटलांच्या फाटकातून हाका मारल्या. वहिनींनी पाण्याचा पिंप पालथा घातला, लुगडं खोचलं आणि त्या भिंतीवरून आमच्या अंगणात उतरल्या. आई ओट्याखाली बसलेली, घामाने भिजलेली, बोलणं बरळल्यासारखं. वहिनींनी साखरेचं पाणी केलं आणि चमच्याचमच्याने पाजलं. ११२च्या माणसांशी आईला फोनवर बोलता आलं नव्हतं, तरी त्यांनी गाडी पाठवली होती. ती आली तेव्हा आई उठून बसली होती आणि सगळ्यांना चहा विचारत होती.

मी पोचलो तेव्हा दोन वाजून बारा मिनिटं झाली होती. डॉक्टर येऊन गेले होते, वहिनी आपल्या घरी परतल्या होत्या. "अजून थोडा वेळ गेला असता तर शुद्ध हरपली असती," असं ते सांगून गेले. तात्या पायरीवर बसले होते. ते मला बोलतील असं वाटलं. त्यांनी वही उघडली आणि फक्त आकडे वाचले.

"निरोप गेल्यापास्नं साखर तोंडात पडंस्तवर अकरा मिनटं. पयला नंबर हितं असता तर दीड."

त्या दोन आकड्यांमधली वजाबाकी मला करता येते. मी म्हणालो, "वहिनींचा नंबर घाला."

"मी न्हाई. तुमी लावा. तुमी ईचारा."

मी अंगणात उभा राहिलो. आकडे आईने सांगितले. तिला ते पाठ होते. पलीकडच्या घरात घंटी वाजलेली मला भिंतीवरून ऐकू आली.

"हालो, कोण?"

"मी. शेजारचा."

"बोला की, नऊ इंच."

माझ्या मागे तात्या खोकले. मी विचारलं, "आईला काही झालं आणि फोन आला, तर याल का? किती मिनिटांत?"

"आत्ताच आलो न्हवं का भितीवरनं? तवा काय अर्ज दिल्तासा?" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "भावजी, मी बी एकटीच असतो दिवसभर. तुमच्या आईचा नंबर माझ्याबी फोनात घालाय सांगा तात्यास्नी."

तात्यांनी दोन्ही मोबाईल बसवले. वहीतले पंच्याऐंशी खोडून दीड लिहिलं. "मजुरी ऱ्हायली," ते म्हणाले. "रविवारी जाऊ तिघं." मी होकार दिला.

त्या रविवारी माझ्या चुलतभावाकडे बारसं होतं. पुढच्या रविवारी शाळेचं तपासणीचं काम निघालं. कारणं खरी होती, पण मी ती जरा हौसेनेच धरली, हेही खरं. नंबर घालणं एक आणि चार वर्षांनी त्या घरात जाऊन बसणं वेगळं. आई आणि वहिनी भिंतीवरून वाट्या देऊ-घेऊ लागल्या. मी गच्चीवरून तेवढं बघायचो.

दिवाळीनंतर तात्यांचा पाय फारच दुखायला लागला आणि लेक त्यांना गडहिंग्लजला घेऊन गेली. जायच्या दिवशी ते सायकल विकून रिक्षाने आले. पहिल्यांदाच त्यांना मिनिटं विचारायची वेळ माझी होती. "येगळी खोली घेतल्या. लेक शेजारच्या गल्लीत ऱ्हात्या. तीन," ते म्हणाले. "ती म्हंत्या एकाच घरात ऱ्हावा. मी म्हटलं, तीन मिनटं चालत्यात." रिक्षात बसल्यावर बोट वर करून म्हणाले, "भाऊसाहेब, मजुरी. मी नसलो तरी चालतंय. तुमी जावा."

त्यांचा फोन महिन्यातून एकदा यायचा. नवीन गल्लीतली किती घरं झाली ते सांगायचे आणि शेवटी विचारायचे, "चहा?" मी म्हणायचो, "या रविवारी."

मार्चमध्ये ते गेले. पुण्यानुमोदनाला मी आणि आई गडहिंग्लजला गेलो. कार्यक्रम झाल्यावर त्यांची लेक आईजवळ येऊन बसली. तात्यांनी बटण बरोबर दाबलं होतं. तिला निरोप आला, ती हातातलं पीठ तसंच घेऊन धावली.

"तीन मिनटांत पोचलो की ओ मी," ती म्हणाली. "घड्याळ बघितलं. तेंनीच लावलेली खोड. तीनच. पर तात्या आदीच..."

आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. तीन हा आकडा चांगला होता. तात्यांनी तो वहीत लिहिला असता आणि पुरेसा आहे असंच म्हटलं असतं. कधीकधी पुरेसं असूनही पुरत नाही, त्याची नोंद करायला त्यांच्या वहीत रकाना नव्हता.

संध्याकाळी साडेसहाला आम्ही कोल्हापुरात उतरलो. घरी पोचल्यावर मी आमचं फाटक उघडलं नाही. आईला म्हणालो, "चल." आमच्या फाटकापासून पाटलांच्या फाटकापर्यंत एकतीस पावलं भरली. वहिनींनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मग आईच्या चेहऱ्याकडे. काय झालंय ते त्यांना आईकडून आधीच कळलं होतं.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "साखर किती घालू, भावजी?"

"तात्या किती घ्यायचे?"

"दोन चमचं. वर आनखी मागायचं."

"तेवढीच घाला."

सोळा मार्च, रविवार, संध्याकाळी सात. आईचा मोबाईल बसवल्याची मजुरी, एक कप चहा, पाटीलवहिनींच्या घरी बसून चुकती केली. हजर : आई, पाटीलवहिनी आणि मी.