बाळ रडतंय, थांबलोय

श्री. लेलंड ओस्टरगार्ड, वय बहात्तर, राहणार नेब्रास्का. व्यवसाय: मका व सोयाबीन. शाळा मंडळाचे सदस्य आणि खर्चकपात उपसमितीचे अध्यक्ष. चार अपत्यांचे संगोपन यशस्वीरीत्या पूर्ण. सबब, गृहरचना व बालविकास हे ऐच्छिक विषय हायस्कुलात ठेवावेत की नाही, याबाबत मत देण्यास सर्वथा पात्र.

मत तयारच होतं. मतदान मंगळवारी. विषय गेले तर ते शिकवणाऱ्या टीमनबाईंची नोकरीही जाणार होती.

"पोरं आपोआप वाढतात," लेलंड जेवताना म्हणाला, "आणि घराची रचना घरात राहून कळते."

"कळली ना तुला?" त्याची बायको अर्दिस म्हणाली. "मग वॉशिंग मशीन अजून तळघरात का? कपडे घेऊन जिने मी चढते."

त्याने बटाटे पुढे ओढले.

त्या आठवड्यात त्याचा नातू कोल्बी शाळेतून बाहुली घेऊन आला. बाहुली म्हणजे पोटात यंत्र असलेलं तान्हं बाळ. रडायचं, आणि किती वेळ रडू दिलं याची नोंद ठेवायचं. कोल्बीने ते शनिवार-रविवार सांभाळायचं, त्यावर गुण.

शनिवारी कापणी होती. हार्वेस्टर लेलंडने चालवायचा आणि धान्याचा ट्रक कोल्बीने न्यायचा होता.

"आजोबा, हिला तेवढं धरा. हा पट्टा मनगटाला बांधा, त्याशिवाय ती गप्प होत नाही. आणि मान सांभाळा!"

"वासरं सांभाळलीत मी."

"वासरू नाहीये ते, आजोबा."

दुसऱ्या फेरीला बाहुली रडू लागली. लेलंडने दुर्लक्ष केलं. ते जमेना. शेवटी भर शेतात त्याने हार्वेस्टर थांबवला.

केबिनमधला रेडिओ खरखरला. शेजारच्या शेतातला ऑर्विल. "काय रे, हार्वेस्टरचा पट्टा तुटला?"

"नाही."

"डिझेल?"

"बाळ रडतंय, थांबलोय."

रेडिओ पुन्हा खरखरला.

"दूध पाजून बघ," ऑर्विल म्हणाला.

संध्याकाळी कोल्बीने बाहुली मागितली, तेव्हा ती लेलंडच्या कोटात होती. "आत्ताच झोपलीय," तो म्हणाला, आणि रविवारीही पट्टा काही त्याच्या मनगटावरून निघाला नाही.

सोमवारी टीमनबाईंनी बाहुलीच्या टोपड्यातून मक्याचा भुसा झटकला. कोल्बीने सगळं सांगून टाकलं.

"गुण उत्तम आहेत," बाई म्हणाल्या. "फक्त तुझे नाहीत." त्यांनी शून्य दिलं. कोणाचा नातू आहे आणि उद्या काय आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

मंगळवारी लेलंडने विषय ठेवण्याच्या बाजूने हात वर केला. त्याच्या हाताकडे बघून आणखी दोघांनी केला. विषय राहिले.

"कारण काय लिहू?" सेक्रेटरीने विचारलं.

"लिहा, शिकावं लागतं."

सेक्रेटरीने 'अनुभवी पालक सदस्यांच्या शिफारशीनुसार' असं लिहिलं.

लेलंडची थोरली मुलगी जन्मली तेव्हाही मक्याची कापणी चालू होती. तो शेत संपवून तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला होता.