बाभळीच्या गिटारला नवा पिकअप

माझी इलेक्ट्रिक गिटार बाभळीची आहे. चाकूरला दारांच्या चौकटी करणाऱ्या मिस्त्रीकडून मी तिचं धड घडवून घेतलं, दांडी एका जुन्या गिटारची लावली. वजनाला ती भारी आहे. मी ज्या ऑर्केस्ट्रात वाजवतो, त्याचे मालक तिला ‘औत’ म्हणायचे.

नांदेडच्या लग्नातल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ते लातूरहून आमच्या घरी आले. मी नुकताच नवा पिकअप बसवला होता. पिकअप म्हणजे तारांखालचं चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचं वेटोळं. तारेचा कंप तिथूनच स्पीकरकडे जातो. मालकांचा शब्द साफ होता: आवाज स्वच्छ आला तर ही स्टेजवर, नाहीतर मी त्यांची तयार गिटार वाजवायची.

मी स्पीकरचं बटण दाबलं. घरघर सुरू झाली.

“पिठाची गिरणी लावली का रे?” मालक म्हणाले. “परत कर तो पिकअप. येवढा शिकलेला तू, अन् कशाच्या नादी लागून राहिलास.”

ते मला लागलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला रानातून सोडवून शाळेत बसवलं, हे मी विसरत नाही. पण बंद वस्तू उघडून पाहायचं धाडसही मला त्याच शाळेनं दिलं.

तारांवर हात ठेवला की घरघर कमी व्हायची. दोष पिकअपचा नव्हता, घराच्या अर्थिंगचा होता. उन्हाळ्यात जमीन वाळते, मग अर्थिंग नीट लागत नाही. रानातली मोटर झटके देऊ लागली की आम्ही जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या सळईपाशी मिठाचं पाणी ओततो. मी घागर उचलून अंगणात गेलो.

“गिटारला पाणी पाजतो का आता?” मालकांनी विचारलं.

“सळईला पाजून राहिलाय,” अण्णा म्हणाले. “तुमी च्या घ्या.”

पाणी मुरल्यावर घरघर बरीच उतरली. पूर्ण गेली नाही.

“अजून हाय,” मालक म्हणाले.

“हाय. आता वाजवतो, ऐका.”

मी वरातीची एक चाल धरली. जुन्या पिकअपमध्ये सगळं सपाट यायचं. आता नखाचा आवाज वेगळा आणि बोटाचा वेगळा ऐकू येत होता. जाड तार तर छातीत उतरत होती. मालकांच्या हातातली कपबशी तशीच राहिली.

“थांबलास की घरघर येती.”

“मग थांबत न्हाई.”

अण्णा तोंड फिरवून हसले.

“नांदेडचे लोक मला नावं ठेवतील.”

“ठेवू द्या. पण ही येत नसंल तर मीबी येत न्हाई.”

मोठ्यांपुढे असं मी कधी बोललो नव्हतो. तरी शब्द मागे घेतले नाहीत.

मालकांनी चहा संपवला. “सकाळी गाडी येईल. मागं सामानात जागा न्हाई. मांडीवर घेऊन बसावं लागंल.”

“बसतो,” मी म्हणालो, आणि तीच चाल पुन्हा पहिल्यापासून धरली.