नमुन्याची बादली

"खत तुमच्याच सोसायटीचं हाय की," मेथीची जुडी देता देता भाजीवाल्या मावशी म्हणाल्या. "टेम्पोवाला माझ्या रानात गोण्या टाकून जातोय. लई काळंभोर. हातानंच पसरते मी."

वारज्याच्या आमच्या सोसायटीत पालापाचोळ्याचं खत होतं, पण ते आमच्याच कुंड्यांना पुरत नाही. गोण्या भरून बाहेर जातो तो फक्त मैलापाण्याच्या प्रकल्पातला गाळ. तो वाळूच्या वाफ्यांवर सुकवायचा, नमुना लॅबमध्ये तपासून घ्यायचा आणि कचरा डेपोवर पुरायला पाठवायचा, असं ठरलेलं. पालेभाजीच्या शेतात तो जायलाच नको. मेथी कच्ची खाणारी घरं कमी नाहीत; गाळातले जंतू थेट ताटात. आणि मावशी तर तो हातांनी पसरत होत्या.

जुडी घरी आणून कचऱ्यात टाकली. मावशींना लगेच काही बोललो नाही. नुसत्या संशयावरून कुणाचा धंदा बुडवणं मला पटेना.

सोसायटीच्या ऑफिसात लॅबचे रिपोर्ट पाहिले. ओलाव्याचा आकडा मे महिन्यात जो, तोच ऑगस्टमध्ये, दशांशासकट. ऑगस्टात आमच्याकडे टॉवेल वाळत नाही. गाळ कसा वाळला?

चेअरमनना विचारलं. ते म्हणाले, "अहो, लॅबचा शिक्का आहे ना? मग? तुम्ही लॅबच्या वर का?"

नव्हतो. म्हणून हातमोजे घालून वाफ्याच्या मधोमधून एक ढेकूळ काढलं, जुन्या थाळीत घेतलं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं आणि गच्चीवर ऑक्टोबरच्या कडक उन्हात ठेवलं. शेजारी कुणाचे तरी पापड वाळत होते. त्या बाईंनी एकदा थाळीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पापड उचलून खाली गेल्या.

"त्या काट्यावर आता कणीक मोजायची नाही," बायको म्हणाली. "आणि गाळ डेपोवर जातो की नाही देव जाणे, ती थाळी तरी तिकडे पाठवा."

ढेकूळ पार वाळल्यावर पुन्हा वजन केलं. मूळ वजनाचा चौथा हिस्साही उरला नव्हता. रिपोर्टाप्रमाणे निम्म्याहून जास्त उरायला हवं होतं. म्हणजे लॅबमध्ये जात होतं ते वाफ्यातलं नव्हतं.

लॅबचा माणूस नमुना न्यायला आला, तेव्हा मी पंपघरापाशी जाऊन उभा राहिलो. प्रकल्प चालवणाऱ्या आमच्या ऑपरेटरने वाफ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पंपघराच्या पत्र्यावरून त्याने एक बादली उतरवली आणि तिच्यातली खडखडीत भुकटी बरणीत भरून दिली. बरणी घेऊन लॅबचा माणूस गेला.

"हे काय?" मी विचारलं.

"नमुन्याची बादली, साहेब." लपवण्यासारखं त्याला काही वाटतच नव्हतं. "पाहुण्यांसाठी आपण वेगळे कप ठेवतो ना, तसं."

"आणि वाफ्यातला ओला?"

"तो जातो की टेम्पोत. पण डेपोवाले रिपोर्ट बघत नाहीत, गेटवरच गोणीत काठी खुपसतात. ओला लागला की गाडी माघारी. इथं परत आणली तर चेअरमनसाहेब माझ्यावर ओरडणार. मग टेम्पोवाला वाटेत कुठंतरी रिकामी करतो."

कुठंतरी म्हणजे कुठे, ते मला माहीत होतं.

रविवारी सकाळी मावशी गेटपाशी येऊन बसल्या, तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पदर खोचला.

"दुसऱ्या कुणाला हितं बसवायचं असंल तर सरळ सांगा. माझ्या मालाला नावं ठेवू नका."

"मावशी, मला कुणाला बसवायचं नाही."

"मग इतके दिवस खाल्लीत ती?"

तेवढ्यात चेअरमन पिशवी घेऊन आले. त्यांनी नेहमीप्रमाणे जुडी उचलली, आमचं बोलणं कानावर पडलं, आणि मला म्हणाले, "अहो, जरा हळू बोला."

मावशी त्यांच्याकडे वळल्या. "साहेब, तुम्ही मोठे. तुमच्या संडासातला गाळ माझ्या रानात पडतोय म्हणतात हे. खोटं हाय ना?"

"रिपोर्ट व्यवस्थित आहेत," चेअरमन म्हणाले. म्हणता म्हणता हातातली जुडी त्यांनी अलगद टोपलीत परत ठेवली.

मावशींनी त्या जुडीकडे पाहिलं. मग टोपलीवर गोणपाट ओढलं. मागे दोन बायका थांबल्या होत्या, त्यांना म्हणाल्या, "आज न्हाई द्यायची भाजी."

आणि चेअरमनना, "टेम्पोवाल्याला बोलवा. आत्ता. किती पसरलंय ते दावते चला, तुम्हीबी या."

चेअरमननी खिशातून फोन काढला.